धुरातले सात गड्डे

मी लसूण बोलतोय. ऐकायचं तर नीट ऐका, दोनदा सांगायची मला सवय नाही.

आमचं कूळ तांबड्या सालीचं. अंकोबेर नावाच्या डोंगरगावात, चढावर तेसेमाचं घर आहे. त्याच्यामागे गोठ्याला लागून एक वाफा आहे, तिथला मी. तेसेमाची बायको अस्नाकेच लग्न होऊन आली तेव्हा आईच्या वाफ्यातला लसूण शालीच्या टोकाला बांधून घेऊन आली. ते आमचे पूर्वज. मुठीएवढे होते म्हणतात. माझ्या जन्माच्या वेळी आमच्यातले बहुतेक सुपारीएवढे राहिले होते. मी मात्र मोठा निघालो. शेणखताचं एखादं ढेकूळ जास्त वाट्याला आलं असेल. पण मोठ्याला कारण कुणी विचारत नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आता घराची रीत सांगतो. इकडे माणसाची किंमत तो पाहुण्याला काय देतो यावर ठरते. घास भरवायचा तर एवढा, की पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. लसणाचंही तसंच. काढणी झाली की तेसेमा मोठे गड्डे वेचायचा आणि दारात येईल त्याच्या हातावर ठेवायचा. मधले स्वयंपाकाला. दाखवायची लाज वाटेल ते बियाणं.

"बारकं ते मातीला," तो म्हणायचा. "माती काय चारचौघांत बोलायला जाते?"

तीस वर्षं त्याने मातीला चिल्लर दिली. मातीनेही तेवढंच परत केलं. तेसेमा म्हणायचा, जमीन बिघडली. कधी म्हणायचा, पाऊस बिघडला. एका वर्षी शेजारच्या मुलुवर्कची नजर लागली असंही म्हणाला. बिघडायचा राहिला होता तो फक्त तेसेमा.

पात पिवळी पडून वाकली तेव्हा अस्नाकेचने आम्हाला काढलं. ओढून नाही, बाजूने माती सैल करून. माती झटकली, धुतलं नाही. सावलीत पंधरा दिवस पसरलं, मग पातीच्या वेण्या घातल्या. हे ती दरवर्षी करते. तिला कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. पण त्या वर्षी तेसेमा गड्डे वेचायला येण्याआधी तिने सात मोठे बाजूला काढले. त्यात मी. आमची एक वेणी घालून तिने चुलीवरच्या आडव्या बांबूला टांगली, धुराच्या ऐन तोंडावर.

मला राग आला. मी दारात मिरवायचा माल, आणि सहा महिने धूर खात लटकलो. अंगावर बोटभर काजळी. खालच्या वेण्यांतले गड्डे त्या वर्षीच्या दमटपणाने बुरसले, पोचट झाले. लावण्याजोगा त्यात एकही उरला नाही. मी दगडासारखा घट्ट राहिलो, हे कबूल. पण दिसायला कोळसा.

पावसाला महिना उरला आणि संत मायकलच्या नावाने जमणाऱ्या मंडळींना जेवू घालायची पाळी तेसेमावर आली. बावीस माणसं दर महिन्याला एकेका घरी जेवतात. आधीच्या महिन्यात जेवण बेझाबेहकडे झालं होतं. बेझाबेह पलीकडच्या वळणावर राहतो. तेसेमाचा लहानपणापासूनचा सोबती, म्हणजे वैरीच. मंडळी निघताना त्याने प्रत्येकाच्या हातावर लसणाचा एक मोठा गड्डा ठेवला होता.

"बाजारातून आणले असतील," तेसेमा म्हणाला. जेवणाचा दिवस उद्यावर आला होता. अस्नाकेच कॉफीचा दुसरा पेला ओतत होती आणि मुलुवर्क बसली होती.

"कुठूनही आणो, दिले ना," मुलुवर्क म्हणाली. "तुम्ही काय देणार, दादा? एकेक पाकळी?"

तेसेमा हसला नाही. त्याने मान वर केली आणि ती वरच राहिली.

"अस्ने, ते काय लटकतंय?"

"काजळी."

"काजळीला पात असते?"

तो तिवईवर चढला. वेणी उतरवून त्याने मला अंगठ्याने पुसलं. तांबडी साल चमकली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कुणीतरी किंमत केली.

"माझ्यापासून लपवलेस."

"तुमच्यापासून नाही, पाहुण्यांपासून. बियाणं आहे ते. खालचं सगळं सडलंय. हे गेलं की आईचा लसूण संपला."

"संपू दे. बाजारात पोत्याने मिळतो. उद्या एक बेझाबेहच्या हातावर, सगळ्यांच्या देखत. बाकीचे कोंबडीच्या रश्शात."

अस्नाकेचने पेला खाली ठेवला.

"द्या. तो काही खाणार नाही, लावेल. दोन-तीन पावसाळ्यांनी तुमच्या लसणाने त्याचा वाफा भरेल. मंडळींना वाटताना तुमचं नाव घेईल का तो?"

तेसेमा वेणीतले गड्डे मोजू लागला.

"आणि रश्शातले म्हणाल, तर कुटल्यावर मोठा होता की बारका हे कोण सांगणार?"

"मी तरी नाही सांगणार, बाई," मुलुवर्क म्हणाली. "मी आपली चाटूनपुसून मोकळी."

तिसरा पेला झाला तेव्हा तेसेमाने वेणी बायकोच्या मांडीवर टाकली.

"लाव. पण कुणी विचारलं तर सांग, काजळीने खराब झाले म्हणून मातीत घातले."

दुसऱ्या दिवशी बाजारचा लसूण कुटून रस्सा झाला. बेझाबेहने दोनदा मागून घेतला. बियाण्याची चौकशी कुणी केली नाही.

पहिल्या सरींनंतर अस्नाकेचने मला फोडलं. माझ्या नऊ पाकळ्या झाल्या. आतल्या दोन बारक्या तिने चुलीकडे नेल्या, सात लावल्या. टोक वर, दोन बोटं खोल, वीतभर अंतर. मोठेपणा असा वाटला गेला. आता बोलतोय तो त्यातल्या एका पाकळीतला मी. पावसाळाभर मी अंगातलं होतं नव्हतं ते वरच्या कोंबाला दिलं. कुणी माझ्याकडे मागितलं नव्हतं. तिथे मागायची पद्धत नाही.

आज काढणी झाली. माझ्या जागी मुठीएवढा नसला तरी लिंबापेक्षा मोठा गड्डा निघालाय. बेझाबेह कुंपणापाशी घुटमळत होता. तेसेमाने त्याला सांगितलं की आमच्या घरात बियाणं आजोबांच्या वेळेपासून निवडून धुरात ठेवतात. अस्नाकेच माती झटकत राहिली.

मग तेसेमा पाहुण्यांना द्यायचे गड्डे निवडायला टोपली घेऊन ढिगाजवळ आला. वाकला, सगळ्यात मोठ्या गड्ड्यावर हात ठेवला. हात तसाच राहिला.

"अस्ने, यातले मी कुठले घेऊ?"

तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तिने मधल्या मापाचे दाखवले. त्याने तेच उचलले.

मी आता त्या नव्या गड्ड्याच्या बुडाशी चिकटलेली पिवळी साल आहे. ती मला अंगठ्याने खरवडून टाकेल. टाकावंच. तुमच्या हातून अशी साल काढायची वेळ आली, तर फार खरवडू नका. आतल्याचं पांघरूण निघतं, मग तो टिकत नाही.