उरलेली पंधरा मिनिटं

झुंबरबाईंनी किटली जयाच्या हातात दिली खरी, पण कडी काही सोडली नाही.

"तांबडीला आधी पेंड टाक. मग बस. न्हाईतर लाथ झाडती."

"माहीत हाय की, मावशी. शेजारीच राहते मी, परदेशातून नाही आले."

"अन् गाळनी..."

"गाळनी बी हाय. जावा आता, एसटी जाईल."

तेव्हा कुठे झुंबरबाईंची बोटं सुटली. पलीकडच्या घरातली मोनिका केव्हाची फाटकाशी जाऊन थांबली होती, ती परत चार पावलं मागे आली. अकरावीत गेल्यापासून तिला कुठेही उशिरा पोचणं म्हणजे आपला स्वतःचा अपमान वाटायचा. त्यात आज तर सिनेमाला जायचं होतं, नगरला, आणि तेही 'सात घरांची आळी' ह्या मालिकेवरच्या सिनेमाला. एवढ्या वर्षांत संध्याकाळच्या धारेला झुंबरबाई घरी नाहीत, असं आज पहिल्यांदाच होणार होतं.

लिंबाखाली बाजेवर झुंबरबाईंचे नवरे कारभारीतात्या बसले होते. उशाला त्यांचा पितळी तांब्या. त्याच्या काठाला बोटभर पोचा आलेला. पाच वर्षांपूर्वी हाच तांब्या त्यांनी भरल्या अंगणात पोराच्या दिशेने भिरकावला होता. ओमला लागला नाही, ओट्याच्या दगडाला लागला. ओमने आयटीआय अर्ध्यात सोडलं, एवढंच निमित्त. त्याच दिवशी ओम जो गेला, तो गेलाच. घरात नवा स्टीलचा तांब्या आला, पण तात्यांनी हा बदलला नाही. आणि ओमचं नावही पुन्हा घेतलं नाही.

दोघी फाटकातून बाहेर पडताना त्यांनी विचारलं,

"त्यो थोरला हाय का त्या पिच्चरात?"

विचारलं ते कोणाकडेच न बघता. झुंबरबाई थबकल्या, पदर सारखा केला आणि चालू लागल्या.

मोनिका मात्र मागे न बघता झपझप पुढे निघाली.

कारण त्या थोरल्याला घरी आणला होता तिनेच.

ती नववीत होती तेव्हाची गोष्ट. 'सात घरांची आळी' रोज सातला लागायची आणि झुंबरबाई बरोबर सव्वासातला, जाहिराती लागल्या की, किटली उचलून डेअरीकडे निघायच्या. डेअरी साडेसातला बंद. म्हणजे अख्ख्या मालिकेतली निम्मी माणसं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. उरलेली पंधरा मिनिटं मोनिका दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायची, शाळेच्या रस्त्यावर. एकीच्या खांद्याला दप्तर, दुसरीच्या हातात रिकामी किटली. मोनिका नुसतं सांगायची नाही, मालिकेतल्या माईंसारखी मान वेळावायची, सासऱ्यासारखी खाकरायची. झुंबरबाई हसत हसत म्हणायच्या, "टीव्हीत एवढं चांगलं न्हाई करीत गं."

मालिकेतला थोरला, म्हणजे माईंचा दिगू, बापाने कानाखाली मारली म्हणून घर सोडून गेला होता. शेवटच्या भागात काय होणार, ह्यावर गावातल्या बायका कांदे निवडताना भांडत होत्या. आणि नेमका शेवटच्या भागाला मोनिकाच्या घरच्या टीव्हीचा रिचार्ज संपला. सकाळी झुंबरबाई रस्त्यात उभ्या. 'मी पाहिलं नाही' हे तीन शब्द तिच्या तोंडून निघेनात. एवढी मोठी सांगणारी, आणि तीच कोरी? मग तिने सांगितलं. दार वाजलं. माई उठल्या. दारात दिगू. माई काही बोलल्या नाहीत, ताट वाढलं. आणि बाप उठला, त्याने स्वतः पाणी आणून दिलं.

झुंबरबाई त्या दिवशी तशाच वळून घरी गेल्या. संध्याकाळी त्यांनी कोणाकोणाकडून नंबर मिळवून चाकणला ओमला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याला आधी काय सांगितलं, तर हेच. दिगू आला. बापानं पाणी दिलं.

तेव्हापासून दर रविवारी सहा वाजता ओमचा फोन येतो. येतो तो फक्त फोन. मागच्या रविवारी तो हसत म्हणाला होता, "पिच्चर बघून सांग आई. दिगू अजून घरात टिकला असंल, तर मी बी येऊन बघतो." झुंबरबाईंनी हे हसत हसतच मोनिकाला सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. मला एकटीला तिथलं समजायचं न्हाई."

मोनिकाने तो शेवटचा भाग पुढे मोबाईलवर पाहिला होता. त्यात दार वाजतं. माई उठतात. बस, तिथेच संपतं. कोण आलं, ते दाखवलेलंच नाही.

*

केडगाव ओलांडेपर्यंत ती बोलत होती. गप्प बसलं तर खरं बोलावं लागेल, अशी भीती.

"आमच्या वर्गातली पंकजा म्हणते, मालिकेचे पिच्चर पडतातच. घरी फुकट बघितलेल्या माणसांसाठी तिकीट कोण काढणार? मी म्हटलं, असं काही नसतं. माणसं आवडती असली की लोक जाणारच. एवढं भांडलो आम्ही की सरांनी दोघींना उठवलं."

"मग कोन जिंकलं?"

"ते आज ठरणार."

थिएटरात शिरल्या शिरल्याच ते ठरल्यासारखं झालं. सगळ्या मिळून तेवीस खुर्च्या भरल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच बायका झुंबरबाईंच्याच वयाच्या. कोणी डब्यातून शेंगदाण्याचे लाडू आणले होते. पडद्यावर आळीचं नाव आलं, जुनं गाणं लागलं, तेव्हा मागून एक बाई पुटपुटली, "आली गं बाई आपली माणसं." मोनिकाला उगाच भरून आलं.

मग दार दिसलं. तेच. वाजलं. माई उठल्या, त्यांनी कडी काढली. दारात पोलीस उभा होता. गाणं सुरू झालं आणि त्या एका गाण्यात सात वर्षं गेली. गाणं संपलं तेव्हा भिंतीवर दिगूचा फोटो होता, फोटोला चंदनाचा हार, आणि खाली घरातली माणसं जागेच्या वाटणीवरून भांडत होती.

मोनिकाने शेजारी बघितलंच नाही. तिने आपले हात मांडीखाली दाबून धरले. झुंबरबाईंच्या बांगड्यांचाही आवाज येत नव्हता.

मध्यंतरात उजेड झाला. झुंबरबाई रिकाम्या, पांढऱ्या पडद्याकडेच बघत होत्या.

"मावशी, मी तुम्हाला तेव्हा जे..."

"वडा खाती का?"

"नको. मावशी, ऐका ना. तो शेवट..."

"मला बी नगं. बस मग. संपू दे."

संपलं. शेवटी सगळे फोटोला नमस्कार करून हसत हसत जेवायला बसले. बाहेर पडताना ती मागची बाई कोणाला तरी म्हणत होती, "ह्यापरीस घरी बसले असते तर बरं. मारून टाकलं की लेकराला." हे वाक्य पंकजाला सांगितलं असतं, तर ती बाकावर नाचली असती. मोनिकाला जिंकण्या-हरण्यातलं काही आठवलंच नाही.

*

परतीच्या एसटीत झुंबरबाई खिडकीशी बसल्या. ऊन उतरत होतं. चेहऱ्यावर रडणं नाही, राग नाही. धारेची वेळ झाली होती, आणि त्यांची बोटं मांडीवर आपोआप आवळत, सुटत होती.

"मालिकेत मानसं रोज आपल्या घरी येत्यात," बाहेर बघत त्या म्हणाल्या. "पिच्चरात आपून त्यांच्या घरी जायचं. त्यांना आपली वळख राहत न्हाई मग."

मोनिकाने श्वास घेतला. वर्गात उभं राहून बोलायला आता तिला काही वाटत नसे. इथे मात्र ती पुन्हा नववीतली मुलगी झाली.

"मावशी, मी खोटं सांगितलं होतं. दिगू आलाच नव्हता. आमच्याकडे त्या दिवशी टीव्ही बंद होता. मी मनानेच..."

"मला ठावं हाय."

एसटी खड्ड्यात आदळली.

"त्या दिशी डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन बिघडलं हुतं. दूध तसंच ठिवून घेतलं, म्हून मी लवकर आल्ते. दारातच उभी राहिले, चप्पल बी काढली न्हाई. तुझे तात्या एकलेच बघत बसले हुते. टीव्हीतलं दार वाजलं..." झुंबरबाई थांबल्या. "अन् ह्यांनी आपल्या दाराकडं बघितलं. मी उभी हुते तिथं. पन माझ्याकडं न्हवतं बघितलं त्यांनी. माझ्या मागं बघितलं."

मोनिका त्यांच्याकडे वळून बसली.

"मग सकाळी तुम्ही मला का नाही म्हणालात? मी एवढं सगळं सांगत होते."

"तू सांगत हुतीस ना," झुंबरबाई म्हणाल्या. "मला आयकायचं हुतं."

"आणि ओमदादाला..."

"त्याला काय सांगू? बाप दाराकडं बघतो, म्हनून? त्याला ते खरं वाटलं नसतं. तुझं वाटलं."

सुपा जवळ आलं तसे कंपन्यांचे दिवे दिसू लागले. मोनिकाने मोबाईल काढून वेळ पाहिली आणि तेवढ्यात झुंबरबाईंच्या पिशवीत फोन वाजला. सहा. त्यांनी तो बाहेर काढला, पण लगेच उचलला नाही. पदराने काच पुसली. मग उचलला.

"व्हय. एसटीत हाय. ... जेवलास का? ... व्हय, बघितला." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. पलीकडून काय विचारलं गेलं, ते मोनिकाला त्यांच्या मानेवरून कळलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर एक माणूस दोन किटल्या सायकलला अडकवून चालला होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "घरातच हाय की. कुठं जातोय."

आणि फोन कानावरून काढून त्यांनी मोनिकाच्या हातात दिला.

"हिला इचार. हिनं नीट बघितलंय. मला डोळ्याला अंधारात दिसत न्हाई."

फोन गरम झाला होता. मोनिकाने तो कानाला लावला. पलीकडे कुठलंतरी यंत्र एका लयीत चालत होतं.

"बोल गं मोने. टिकला का दिगू?" ओमदादाचा आवाज हसरा होता, पण त्या हसण्याला बूड नव्हतं. "नेटवर लोक लई काय काय लिहित्यात. मी काय वाचलं न्हाई."

आज सकाळी अंघोळ करताना तिने ठरवलं होतं. खरं सांगायचं, सगळ्यांना, एकदाच, आणि मोकळं व्हायचं. तिने झुंबरबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं होतं. बोटं मात्र थांबली होती.

"दार वाजलं," मोनिका म्हणाली. "माई उठल्या. दिगू दारातच उभा, पायात चपला तशाच. माई काही बोलल्या नाहीत. ताट घ्यायला आत गेल्या."

"अन् बाप?"

"बाप बाजेवर होता. उठला. पाणी घेऊन आला."

"सोता?"

"स्वतः."

यंत्राचा आवाज दूर गेला. ओम चालत कुठेतरी बाहेर आला असावा. आता पलीकडे नुसता वारा.

"कशात आनलं पानी?" त्याने विचारलं.

मोनिकाच्या तोंडाशी 'पेला' हा शब्द आला होता. सिनेमात पेलेच असतात. तिने तो गिळला.

"पितळी तांब्या होता," ती म्हणाली. "काठाला पोचा आलेला."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन बंद झाला असेल म्हणून तिने काचेवर बघितलं. बंद नव्हता. सेकंद पुढे सरकत होते. झुंबरबाईंनी डोळे उघडून हात पुढे केला, फोन परत घेतला आणि एक शब्दही न बोलता तसाच कानाशी धरून बसल्या.