ओढ्यातले जोडपे

मी शिरड शहापूरजवळच्या ओढ्यात कधीकाळी धुण्यासाठी टाकलेला एक जुना दगड. मित्रांनो, माझी पाठ सपाट आहे. पोटावर मात्र एक पुरुष आणि एक स्त्री एकमेकांना मिठीत घेऊन उभे आहेत.

मला घडवणाऱ्या पाथरवटाला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. त्याने मला देवळाच्या बाहेरच्या भिंतीत बसवले. शेजारी हत्ती होते, नाचणाऱ्या बाया होत्या. त्याच्याही कितीतरी आधीपासून गोदावरीकाठची माणसे आपल्या बोलीत प्रेमाची गाणी रचत आली होती. पुढे देऊळ पडले. लोकांना माझी लाज वाटू लागली. कोणीतरी बैल जुंपून मला ओढ्यात आणले आणि पालथे टाकले.

मग वर्षानुवर्षे बायांनी माझ्या पाठीवर लुगडी आपटली. मंजुळाबाई रोज येई. तिचा नवरा संतराम बैल धुवायला आला की दूर, वरच्या अंगाला उभा राही. चार माणसांत नवराबायकोने बोलायचे नाही, अशी रीत होती. १९४५ साली मंजुळाबाई तापाने गेली.

पुढच्या वर्षी भादव्यात ओढ्याला पूर आला आणि मी उलटलो. सकाळी बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. दुपारपर्यंत सारा गाव काठावर जमला. गावातले मोठे शेतकरी उत्तमराव तर घण घेऊनच आले.

"उद्या कुरुंद्याचे पाहुणे आमची पोरगी पाहायला येऊन राहिले. ह्याच वाटेनं! हे पाहून काय म्हणतील?"

"पालथा करा की," कोणी म्हणाले.

"म्हंजी पुन्हा पूर आला की पुन्हा उघडं! न्हाई. फोडतोच."

तांड्यावरचा म्हातारा थावरा हसला. "उत्तमराव, बैलांवर मीठ लादून मी लई मुलूख पाहिला. देवळांवर असे जोडपे जागोजाग. हैदराबादेत एका नवाबाकडं कागदावर रंगवलेले बी पाहिले. अजून डोळे शाबूत हायेत माझे."

"तू गप बस, थावरा."

घण पडला. स्त्रीच्या कोपराचा टवका उडून पाण्यात गेला. घण पुन्हा वर गेला. तो आता कुठे बसणार हे मला कळत होते. जिथे दोन चेहरे एकमेकांना टेकले होते, तिथे.

तेवढ्यात संतराम पाण्यात उतरला आणि माझ्यावर आडवा झाला.

"संतराम, हट बाजूला! डोकं फुटंल."

"फुटू द्या. मंजुळा तापानं जाऊन राहिली होती, तव्हा घर माणसांनी भरलं होतं. तिनं माझ्याकडं हात केला. मोठी माणसं बसली होती, मी लाजलो. उठून बाहीर गेलो. ती तशीच गेली." त्याने माझी कडा घट्ट धरली. मग म्हणाला, "लाजच फोडायची, तर माझी फोडा. ह्यायनं काय केलं?"

उत्तमरावांचा घण वरच होता. बायांमधून त्यांची बायको मिराबाई पुढे आली. डोईवरचा पदर तसाच. साऱ्या गावादेखत तिने नवऱ्याचे मनगट धरले.

"ठेवा खाली. पाहुण्यायला काय सांगायचं ते मी सांगीन."

उत्तमरावांनी हात झटकला. तिने सोडला नाही. हळूहळू घण खाली आला.

त्याला दोन वर्षे झाली. संतरामने बैल जुंपून मला ओढ्यातून वर आणले; आता मी पडक्या देवळाच्या जोत्याला टेकून उभा आहे. संतराम येतो, जवळ बसतो आणि मंजुळाबाईशी मोठ्याने बोलतो. वाटेवर माणसे असली तरी थांबत नाही.

मित्रांनो, मला पाहून कोणी हसते, कोणी मान वळवते. तुम्हीही वळवा, माझी तक्रार नाही. फक्त घण उचलू नका. पाथरवट जाऊन शेकडो वर्षे झाली. तो कोपर पुन्हा घडवून देणारे आता कोणी नाही.