सत्तेचाळिसाव्या पानावरचा घोडा

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, आडव्या रेघांची, सध्या चिकटपट्टीच्या आधाराने उभी. जन्म बाइंडरच्या टेबलावर झाला, पण अक्कल आली ती घड्याळजींच्या दुकानात. बंद घड्याळे चालू करून झाली की ते बुद्धिबळाचा पट मांडत, डावाची प्रत्येक सुरुवात माझ्यात पेन्सिलीने लिहीत आणि पुढे शेरा मारत. "बरी." "फसवी." "पाहुण्यांसमोर खेळू नये." बुद्धिबळाच्या क्लबमध्ये वाद झाला की मला उघडत. तीस वर्षे माझा शब्द शेवटचा होता. खोटे कशाला सांगू, थोडा माज चढला होता.

सत्तेचाळिसावे पान सर्वांत लाडके. सहाव्या चालीला आपला घोडा देऊन टाकायचा आणि समोरच्याचा राजा उघड्यावर आणायचा. शेरा: "उत्तम." खाली दोन रेघा आणि एकोणीस विजयांच्या तारखा.

यंदा क्लब ढालीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. पहिल्या पटावर घड्याळजी. सत्तरी उलटलेली, हा आपला शेवटचा मोठा डाव, हे त्यांना ठाऊक होते. त्यात सत्तेचाळिसावे पान खेळणार, असे ते गावभर सांगून बसले होते. लेकीने ते पान संगणकाला दाखवले. त्याने खाकरण्याचेही कष्ट न घेता निकाल दिला: उणे दोन.

"म्हणजे काय?"

"म्हणजे घोडा दिला की तुम्ही दोन प्याद्यांनी मागे पडता, बाबा."

"त्याला सांग, एकोणीस वेळा जिंकलोय."

"त्यातले सतरा डाव औषधवाल्या काकांशी. ते दर वेळी घाबरून राजा पुढे काढतात. मागे नेला तर तुमच्याकडे काहीच नाही. सुरुवात चांगली नाही हो, काका वाईट आहेत."

घड्याळजींनी मला मिटून ड्रॉवरमध्ये टाकले. चार दिवस मी संपलेल्या सेलांच्या शेजारी काढले. बापलेकीचे बोलणे "जेवायला या" एवढ्यावर आले.

सामन्याच्या खोलीत वह्यांना मज्जाव असतो, त्यामुळे पुढचे लेकीच्या तोंडून ऐकलेले. सहावी चाल आली. घड्याळजींचा हात घोड्याकडे गेला आणि बोटभर वर थांबला. शिवला असता तर नियमाने घोडाच खेळावा लागला असता. त्यांनी मान वर केली. समोरच्या बाई शांतपणे चष्मा पुसत होत्या. हात मागे आला, एक प्यादे सरकले. डाव बरोबरीत सुटला. तेवढा अर्धा गुण क्लबला ढालीसाठी पुरला.

"ऐकलंत ना शेवटी संगणकाचं?"

"त्याचं कशाला ऐकू? मी बाईंचं तोंड बघितलं. ती घाबरणारी नव्हे."

"त्यानं तोंड न बघताच सांगितलं होतं."

"हुशार आहे मग," घड्याळजी म्हणाले. त्यांनी मला बाहेर काढले आणि "उत्तम"च्या पुढे लिहिले: "फक्त औषधवाल्यासमोर."

औषधवाल्याने ते वाचले. पुन्हा वाचले. मग लेकीला बाजूला घेऊन म्हणाला, "तो राजा मागे नक्की कुठे न्यायचा म्हणालीस?"

पुढच्याच शनिवारी तो जिंकला. घड्याळजींनी अख्खा शेरा खोडला, बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिले: "बघू."

आता मी संगणकाच्या शेजारी असते. तो बोलत नाही फारसा, पण संगत बरी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी वही असेल तर तिला रद्दीत घालू नका, आणि काचेच्या कपाटात ठेवून नमस्कारही करू नका. उघडा, भांडा, खोडरबर हाताशी ठेवा. आम्हाला जरा गुदगुल्या होतात. दुखत मात्र नाही.