मंत्रीणबाई पुन्हा नगराध्यक्ष

कॅम्पचे मॅनेजर मोहनसाहेब एका पानाचा कागद घेऊन आले, तेव्हा गुरुनाथ हातात पाना घेऊन बेसिनखाली आडवा झालेला होता.

"नॉर्वेच्या बाई येतायत मंगळवारी," साहेब म्हणाले. "आपले पंप त्यांच्या गावच्या कारखान्यातले. चार शब्द परिचयाचे तू बोल. गावाकडे नमन-खेळ्यांत गायला उभा राहायचास ना? आणि ऐक, अर्जबिर्ज काही पुढे करायचा नाही."

"नाही करत साहेब. पण माझा तो शिक्का..."

"बुकरा, इन्शाअल्ला," म्हणत साहेब निघूनही गेले.

हा बुकरा, म्हणजे उद्या, सव्वीस दिवस रोज नव्यानं उगवत होता. ही गोष्ट दोन हजार सातची. सौदीतलं किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी हे शहर तेव्हा बव्हंशी नकाशातच होतं. वाळूत उभ्या होत्या त्या पोर्टाकॅबिनच्या रांगा, आणि त्यांत सत्तर माणसांचा हा कॅम्प. राजापूरचा गुरुनाथ तिथला एकुलता एक प्लंबर. येत्या रविवारी गावी त्याच्या धाकट्या बहिणीचं, पारूचं लग्न होतं. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि पारूला भाऊ हा एकच. रजा मंजूर होती, तिकीट उशाखाली होतं. फक्त देशाबाहेर जाऊन परत येण्याचा शिक्का पासपोर्टावर पडत नव्हता. "दादा, तू नाही आलास तर कान शेजारचा बाळू पिळणार," असं पारूनं फोनवर सांगितल्यापासून गुरुनाथ रात्री दोनदा उठून तिकीट बघत होता. बाळू!

संध्याकाळच्या चहाला राहीलनं तो इंग्रजी कागद वाचून दाखवला. राहील रत्नागिरीचा, जेद्दात वाढलेला इंजिनिअर. गुरुनाथचा खोलीसोबती नागेश वेल्डर शेजारी पाव बुडवत बसला होता.

"सिग्ने टोर्विक," राहील वाचू लागला. "लिलवोग नगरपालिका, पाणी आणि सांडपाणी समिती, आठ वर्षं. मग नगराध्यक्ष. मग दोन वेळा खासदार. मग मंत्री. मग..." तो अडखळला. "मग पुन्हा लिलवोगच्या नगराध्यक्ष. सध्या तेच."

"हॅट!" नागेशचा पाव चहात पडला. "मंत्री झाल्यावर कुणी परत नगरपालिकेत जातं? टायपिंगची चूक."

"चूक कसली? पक्षानं खाली ढकललं असणार," गुरुनाथ हळहळला. "बिचारी. पण पाहुणीचं दुःख असं चारचौघांत मांडू नये रे."

"काका, पण लिहिलंय ते..."

"तू गप. मी नीट लावतो."

त्यानं नीट लावलं. मंत्रीपद उचलून शेवटी ठेवलं. त्यात माया होती, तसा थोडा स्वार्थही होता. मंत्र्यानं एक शब्द टाकला की शिक्का पडेल; कुठल्या बर्फातल्या नगराध्यक्षाला इथे कोण विचारतो?

मंगळवारी बाई आल्या. साठीच्या, उंच, काळ्या पायघोळ अबायाखाली चिखलाचे बूट. गळ्यात शाल पडली. जेद्दाहून आणलेला नारळ त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला, की बघणाऱ्याला वाटावं, आता अंगाई म्हणतील. गुरुनाथनं खाकरून सूर लावला:

बर्फाच्या गावची   सिग्नेबाई माउली
वाळवंटी आली   जशी लिंबाची सावली

मग सगळी कारकीर्द सांगून त्यानं आवाज चढवला, "आणि पायरी पायरी चढत बाई आज मंत्रीपदावर विराजमान आहेत!"

टाळ्या कडाडल्या. राहीलनं मान खाली घालून भाषांतर केलं. बाई हसल्या, त्यांचं उत्तर राहीलनं मराठीत सांगितलं.

"बाकी सगळं बरोबर, शेवटची पायरी तेवढी चुकली. मंत्री मी दोन वर्षं होते. मग मीच राजीनामा दिला आणि घरी जाऊन पुन्हा नगराध्यक्ष झाले. सगळ्यात वरची पायरी तीच."

मेसमध्ये सगळे एकमेकांकडे बघू लागले. स्वतःहून सोडलं? सत्तर माणसांनी आयुष्यात असं ऐकलं नव्हतं. गुरुनाथच्या डोळ्यांपुढे मात्र नवऱ्या मुलाचा कान हळूहळू बाळूच्या चिमटीत शिरत होता.

"मंत्र्याकडे फायली येतात," बाई सांगत होत्या, "नगराध्यक्षाकडे माणूस येतो. दर मंगळवारी माझं दार उघडं असतं. आज मंगळवारच आहे. कुणाला काही सांगायचंय?"

मोहनसाहेबांनी डोळे वटारले. गुरुनाथ तरीही उठला. "बाई, अर्ज नाही हो. नुसतं सांगतो." आणि त्यानं पारू, रविवार, शिक्का, सगळं सांगितलं. कान पिळण्यापाशी आल्यावर बाईंचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.

"मी पाहुणी. मला इथे काडीचा अधिकार नाही," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आपल्याकडचा पुढारी निदान 'होऊन जाईल' तरी म्हणाला असता! "पण तो कागद आत्ता कुणाकडे आहे?"

"प्रोसेसमध्ये आहे, मॅडम," मोहनसाहेब म्हणाले.

"कुठल्या टेबलावर?"

"जेद्दा ऑफिसात."

बाईंनी राहीलकडे पाहिलं. राहीलनं फोन लावला. कागद जेद्दा ऑफिसात नव्हता.

"मग कफीलच्या, आमच्या अरब मालकाच्या सहीला गेला असेल..."

पुन्हा फोन. तिथेही नव्हता. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाईंनी आणखी एक चहा मागितला.

"आठ वर्षं सांडपाण्यात काढली मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुंबलंय कुठे ते ओरडून कळत नाही. एकेक झाकण उघडत जायचं."

गुरुनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरेच्चा, ही तर आपल्याच धंद्यातली!

तिसऱ्या चहाला मोहनसाहेब घामाघूम होऊन उठले, ऑफिसात गेले आणि पासपोर्ट घेऊन आले. त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होता. सोबतचा फॉर्म कोराच.

"अहो, हा गेला तर नळ कोण बघणार?" ते रडकुंडीला आले. "मागच्या रजेत तीन दिवस सत्तर माणसं बादल्या घेऊन माझ्या दारात! मला भीती वाटते हो!"

कॅम्पात पहिल्यांदाच कुणाला मोहनसाहेबांची दया आली.

"मी बघतो साहेब," नागेश म्हणाला. "कॅम्प बदलले, पण सहा वर्षं ह्याच्याच शेजारी झोपतोय. झोपेतसुद्धा वॉशरचंच बोलतो."

साहेबांनी सही केली. शिक्का दुसऱ्याच दिवशी पडला आणि शनिवारी गुरुनाथ राजापुरात उतरला.

रविवारी मांडवात त्यानं जावयाचा कान असा पिळला, की बाळूनंही मान डोलावली. मग सोडता सोडता आणखी एक पिळा दिला.

"आई गं! हा कशाचा?" जावई कळवळला.

"हा नगराध्यक्षांचा."

"कुठल्या नगराध्यक्षांचा?"

"सगळ्यात वरच्या," गुरुनाथ म्हणाला, आणि त्यानं कान सोडला.