वरच्या मजल्यावरची सहा माणसं

रेघोबाचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. एकतीस वर्षं तो सीमा-कचेरीत मतदारसंघांच्या रेघा आखत होता, म्हणून सगळे त्याला रेघोबाच म्हणत. आधी पट्टी-पेन्सिलनं, मग संगणकावर. पण पडद्यावर रेघ ओढतानाही जीभ दातांत धरायची सवय काही सुटली नव्हती. घरात तो एकटा. म्हणजे आपला नावाला एकटा, कारण रस्त्यापलीकडे समोरच थोरल्या बहिणीचं घर होतं आणि सकाळचा चहा, रात्रीचं जेवण नि अधूनमधून बोलणी, हे सगळं खायचं ठिकाण तेच. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सोळाची. तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. आता तो चोपन्नचा झाला तरी तिच्या लेखी अजून सातच.

त्या वर्षी शिरगणतीचे आकडे कचेरीत आले आणि रेघोबानं ते दोनदा पडताळून पाहिले.

नियम साधा होता. एका प्रतिनिधीमागे चाळीस हजार माणसं. फार तर दोन हजार इकडे-तिकडे. आणि माणसं म्हणजे माणसं. मतदार असो, तान्हं बाळ असो, की कालच परदेशातून ट्रंक घेऊन राहायला उतरलेला माणूस असो, जो जिथे राहतो तिथे तो मोजायचा. आणि कालव्यापलीकडचा जुना भाग, जिथे तो नि ताई जन्मापासून राहत होते, तिथे भरली होती छत्तीस हजार नऊशे चाळीस. किमान अडतीस हजार हवीत. एक हजार साठ कमी. आता त्या भागाचे दोन तुकडे करून एक बंदराकडच्या मतदारसंघाला जोडायचा, दुसरा टेकडीकडच्याला. जुन्या भागाला स्वतःचा असा प्रतिनिधी उरणार नव्हता.

रेघोबा चक्रावला. दहा वर्षांत त्या भागात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. बेकरीपुढची रांग वळण घेऊन थेट कपड्यांच्या दुकानापर्यंत जायची, तीही चार भाषांत भांडत. मग माणसं कमी कशी? त्यानं आपल्या गल्लीचा गट उघडला. घराघराचे आकडे त्यालाही दिसत नसत, फक्त गटाची बेरीज. बेचाळीस घरं, एकशे अकरा माणसं.

"एकशे अकरा?" तो स्वतःशीच म्हणाला. एकट्या ताईच्या घरात दहा होती.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, शिरगणतीवाली आली होती तेव्हा तू काय सांगितलंस गं?"

ताईनं त्याच्या वाटीत आणखी एक डाव सूप ओतलं. तो नको म्हणत होता तरी ओतलं. यावरून तो काय ते समजला.

"खरं तेच सांगितलं. मी, आणि तळमजल्यावरचा घड्याळजी, त्याची बायको, मुलगी."

"आणि वर?"

"वर काय? वर अडगळ आहे, म्हटलं."

वर सहा माणसं राहत होती. बेकरीत भट्टीवर काम करणारा माणूस, हॉस्पिटलच्या लाँड्रीत जाणारी त्याची बायको, दोन शाळकरी मुली, धाकटा भाऊ आणि म्हातारी आई. चार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेली. ताई दिवसातून दहादा त्यांच्या नावानं कुरकुर करायची. जिन्यात चपला कशा काढतात, दारं कशी आपटतात. आणि दर दुपारी वर जाऊन म्हातारीशी तासभर पत्ते खेळायची. दोघींना एकमेकींची भाषा ठाऊक नव्हती, पण दोघीही सारख्याच लबाडी करायच्या, त्यामुळे खेळ छान जमायचा.

"ताई, सहा माणसांना अडगळ म्हणालीस?"

"मग काय करू?" ताईचा आवाज चढला आणि लगेच उतरलाही. "ती वरची पोरगी, बेकरीवाल्याची बायको, माझा हात धरून उभी होती रे. त्यांचे राहायच्या परवान्याचे कागद अजून लटकलेत. म्हणाली, आमच्याकडे आधी याद्या झाल्या, मग दारात गाड्या आल्या. मला काय सुचणार? म्हटलं, घाबरू नकोस, माझ्या घरात तू नाहीसच."

"इथे तसं होत नाही. ती नावं कुणाला देत नाहीत. मी एकतीस वर्षं तिथे आहे, मलासुद्धा दिसत नाहीत."

"ते तुला ठाऊक. तिला कुठे ठाऊक होतं? मला तरी कुठे होतं?"

मग हळूहळू बाहेर आलं की ताई एकटी नव्हती. कोपऱ्यावरच्या चांभारानं आपल्या पोटमाळ्यावरचे चौघे झाकले होते. शिंपीणबाईंनी तर अख्खं एक कुटुंब "पाहुणे आहेत, उद्या जातील" म्हणून यादीबाहेर ठेवलं होतं. साऱ्या भागानं जीव लावून माणसं लपवली होती आणि त्या मायेपायी आपला प्रतिनिधी घालवायची वेळ आणली होती.

रेघोबानं चमचा खाली ठेवून सगळं समजावून सांगितलं. एकवीस दिवसांत रहिवाशांनी अर्ज केला तर फेरमोजणी होते. ताई ऐकून म्हणाली, "मग कर ना तू अर्ज."

"मला नाही करता येणार. उलट उद्या मला कचेरीतल्या मोठ्या मॅडमना सांगावं लागेल की हे माझ्या बहिणीचं घर आहे. मग हा नकाशा माझ्या हातातून जाईल."

"सांगितलंच पाहिजे का?"

त्यानं चमचा पुन्हा उचलला. ताईनंच उसासा टाकला. "सांगितलंच पाहिजे. असला सरळसोट मीच वाढवलाय, आता कुणाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं केलंत," आणि जुन्या भागाचं काम कचेरीतल्या सगळ्यात धाकट्या मुलीकडे दिलं. तिला रेघ ओढायला त्यानंच शिकवलं होतं. दुपारभर तो तिच्या टेबलाकडे पाठ करून बसला; मानेला रग लागली, पण वळला नाही.

इकडे ताई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर गेली. बेकरीवाला झोपायच्या तयारीत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. त्याची बायको मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली, "ताई, आम्हाला मत नाही. मोजून काय?"

"मत नाही, पण तोंड आहे ना?" ताई खाटेवर टेकली. "मुलींच्या वर्गात एका बाकावर चौघी बसतात. त्यासाठी जाऊन भांडायचं कुणाकडे? त्यासाठी एक माणूस असतो. इतक्या हजारांमागे एक. तुम्ही नाही म्हटलंत की तो माणूसच जातो. तुमचाही जातो, माझाही जातो." मग म्हणाली, "आणि मी तुम्हाला अडगळ म्हणाले. कळवळ्यानं म्हणाले, पण म्हणालेच. ते मला टोचतंय."

थोरल्या नातीनं आजीला सगळं उलगडून सांगितलं. म्हातारी ताईकडे वळली. मग तिनं काहीतरी विचारलं.

"आजी विचारते," मुलगी म्हणाली, "त्या यादीत तुमचं नाव आहे?"

"पहिलं माझंच."

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं आणि दोन वाक्यं बोलली. मुलगी हसू दाबत म्हणाली, "आजी म्हणते, मग हिच्या खाली माझं लिही. हिला एकटीला सोडलं तर ही सगळ्यांना फसवेल."

बेकरीवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. पण आईपुढे त्याचं काय चालणार?

मग ताईच्या अंगात आल्यासारखं झालं. चांभार, शिंपीणबाई, धान्यवाला, एकही दार तिनं सोडलं नाही. जिथे तिची भाषा कमी पडे तिथे वरची सून बोले. जिला मोजणीची सगळ्यात जास्त भीती, तीच दारोदार सांगत होती, "मी पण लिहिणार आहे." त्याचा जो उपयोग झाला तो ताईच्या सगळ्या भाषणांचा झाला नसता. एकोणिसाव्या दिवशी अर्ज पोचला.

फेरमोजणीला पहिल्या वेळचीच बाई आली. ताईनं दार उघडून आधीच सांगून टाकलं, "मागच्या खेपेला मी तुमच्याशी खोटं बोलले. या, वर चला." वर सगळे स्वच्छ कपडे घालून ओळीत बसले होते, फोटो काढायचा असावा तसे. म्हातारीला वय विचारलं.

"बासष्ट," नातीनं सांगितलं.

"बासष्ट?" ताई उसळली. "म्हणजे माझ्याहून लहान? हिचा मुलगा पन्नाशीचा आहे!"

म्हातारीनं पत्त्यांत लबाडी करताना ठेवायची तशी मुद्रा ठेवली. शेवटी मुलानं डोक्याला हात लावून कागद काढला आणि एकोणऐंशी लिहिलं गेलं.

आकडा आला तेव्हा रेघोबानं तो इतर सगळ्यांसारखाच फळ्यावर वाचला. अडतीस हजार दोनशे चार. जुना भाग वाचला होता. पण खाली नवा नकाशाही होता. बंदराकडच्या मतदारसंघात थोडी माणसं कमी पडत होती, म्हणून गल्लीची एक बाजू आणि तिच्या मागची आळी तिकडे दिली होती. एकशे नव्वद माणसं. त्यात रेघोबाचं घर.

धाकटी मुलगी मागे येऊन उभी राहिली. "काका, रागावलात?"

त्यानं चष्मा पुसून रेघ पुन्हा पाहिली. "अडतीस हजारांच्या वर चौदा माणसं राखून ठेवलीस. बरोबर आहे. मीही हीच ओढली असती." मग घसा खाकरून म्हणाला, "फक्त ताईला सांगायला तू चल."

ताईनं ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. जन्मभर रेघा ओढल्या आणि स्वतःचं घर राखता आलं नाही! त्या मुलीला मात्र तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

निवडणुकीनंतर नव्या प्रतिनिधीबाईंच्या भेटीच्या पहिल्याच दिवशी ताई आणि वरची सून जाऊन पोचल्या. सोबतीला रेघोबा. दारातल्या कारकुनानं वहीतून मान वर केली. "मतदार?"

"मी आहे," ताई म्हणाली.

सून पुढे झाली. वाक्य तिनं घरून पाठ करून आणलं होतं. "मी मतदार नाही. मी या भागात मोजलेली आहे. मुलींच्या शाळेचं बोलायचं आहे."

कारकुनानं काही न विचारता तिचं नाव लिहिलं आणि रेघोबाकडे पाहिलं. "आणि आपण?"

"मी बंदराकडचा."

"मग आपण बाहेर बसा."

तो बाहेर बाकावर बसला. आतून आधी ताईचा आवाज आला. मग ताई चक्क गप्प झाली आणि दुसरा आवाज सुरू झाला, हळू, अडखळत, पण न थांबता. बाक किती, मुली किती, शिकवणाऱ्या बाई किती. रेघोबा मान तिरकी करून ऐकत राहिला.