सातूची पेज

परदेशात, टाकानिनीच्या घरात, नितीश कोणाला भीत असेल तर पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाईंना, दमयंतीबाईंना. जावई बिअर पितो हे त्यांना कळू नये यासाठी गड्याचा केवढा आटापिटा! आणि घरी बिअर करायचं खूळ तर स्वस्थ बसू देईना. मग त्याने थाप मारली: "आई, सातूची पेज करणार आहे. पौष्टिक असते."

"सरळ सांगून टाक ना," ड्युटीवर निघालेली बायको, श्रुती, दारातून कुजबुजली. "शी वोन्ट माइंड."

सांगतोय कसला! सामान तरी काय, गणपतीच्या जेवणाचं मोठं पातेलं, एक थर्मामीटर आणि पडद्याच्या जाळीची पिशवी. तीही चक्का टांगायला हवी म्हणून सासूबाईंकडूनच शिवून घेतलेली. शनिवारी दुपारी त्याने भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, पिशवीत भरून सदुसष्ट डिग्रीच्या पाण्यात बुडवलं, पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवलं आणि पिशवी निथळून काढली. खाली तांबूस, गोड पाणी राहिलं. आता बिअरला कडसर चव देणारी हॉप्सची फुलं घालून उकळायचं. चोथा बागेत टाकून तो परत आला, तर स्वयंपाकघरात मोहरी तडतडत होती.

दमयंतीबाई पातेल्याशी उभ्या, हातात फोडणीची पळी. "अहो, कट काय सुरेख उतरलाय! अगदी पुरणाच्या डाळीचा वाटावा. आमटी करते."

तेल पडलं की बिअरचा फेस मेलाच. नितीश पुढे धावला.

"आई, थांबा! पेज नाही ती. बिअर आहे!"

दमयंतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पळी शेजारच्या छोट्या भांड्यात ओतली. चुर्र झालं. "एवढ्या पातेल्याला कोण फोडणी देतं? मी वाटीभरच काढून घेतलाय."

"रागावलात?"

"रागावले तर. बिअरचं काही नाही हो. पण मी काय परकी आहे, थापा मारायला? चक्का म्हणे! आठ दिवस श्रीखंडाची वाट बघतेय मी."

नितीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं, आई."

"हं." त्यांनी आमटीत चिंचेचा कोळ घातला. "कधी होते ही बिअर तयार?"

"तीन आठवडे तरी लागतील."

"माझं तिकीट पुढच्या सोमवारचं आहे." त्यांनी आमटीची चव घेतली, चिमूटभर मीठ घातलं. "ते पुढे ढकला. आणि कोणी का म्हणून विचारलं, तर खरं कारण सांगा."