तिसऱ्या बेसजवळचा हॅरी

शुक्रवारी सकाळी हॅरी तुस्कानोने अल नस्रमधल्या फ्लॅटचा पडदा सरकवला, तर बाहेर दोहा नव्हतंच. समोरची इमारत गायब, खालचं किराणा दुकान गायब, आपली गाडी कुठे लावली होती तेही कळेना. जानेवारीत असं धुकं पडतं कधी कधी. हॅरी बराच वेळ तिथेच उभा राहिला. रात्री स्वप्नात त्याने असंच पांढरं मैदान पाहिलं होतं, आणि आता जागा झालोय की नाही याची त्याला खात्री वाटेना.

"आज तरी मिस्साला येशील?" मागून डॉलीचा आवाज आला. ती साडीला पिन लावत होती. इथे चर्चमधली मिस्सा शुक्रवारी, आणि हॅरीची मॅचही शुक्रवारी. या दोघांचं लग्नाइतकंच जुनं भांडण.

"मॅच आहे गं."

"दर शुक्रवारी असते. देवाला काय सांगू? हॅरी चेंडूच्या मागे गेलाय?"

"त्याला ठाऊक आहे."

"हरलात तर?"

"तर खलास."

खलास म्हणजे अगदी खलास. हॅरी ज्या अमेरिकन कॉलेजच्या दोहा शाखेत कोच होता, तिथे बेसबॉल बंद करायचं घाटत होतं. स्पोर्ट्सच्या प्रमुख समीना मॅडम स्पष्ट बोलणारी बाई. त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. "हॅरी, पोरं सेमीफायनलला गेली तर मी वर भांडेन. नाही गेली तर भांडायला मला तोंड नाही." संघ गेला की कोच गेला, कोच गेला की व्हिसा गेला. डॉलीचं काय, ती परत जायला एका पायावर तयार होती. वसईला, नंदाखालला घर होतं, बहिणी होत्या, हॉस्पिटलच्या ड्युट्या करून तिचे पाय दुखत होते. पण नंदाखालला हॅरीला कोच म्हणणार कोण?

"मग मी आज काय मागू?" डॉली आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली. "तू जिंकावंस, की आपण घरी जावं?"

हॅरीने बूट चढवले. बाईने प्रश्न असा विचारला होता की खोटं बोलायलाही जागा नव्हती. तो खाली उतरला.

कोच व्हायला काही हॅरी कतारला आला नव्हता. तरुणपणी तो वसईच्या कॉलेजात सॉफ्टबॉल, बेसबॉल दोन्ही खेळला. गावात लोक हसायचे, म्हणायचे, या पोराला क्रिकेट येत नाही म्हणून असले खेळ खेळतो. इथे आला तो कॉलेजच्या स्पोर्ट्स स्टोअरमध्ये, बॅटा आणि जाळ्या सांभाळायला. मग अमेरिकन कोचला वाळवंट सोसेना. तो निघून गेला आणि जाताना आपली टोपी हॅरीच्या डोक्यावर ठेवून गेला. नवा माणूस येईपर्यंत, असं ठरलं होतं. नवा माणूस काही आला नाही. तेव्हापासून पोरं येत राहिली, शिकत राहिली, पदव्या घेऊन जगभर पांगली आणि हॅरी तिथेच, तिसऱ्या बेसजवळ कोच उभा राहतो त्या जागी.

हा खेळ अवघड नाही बरं का. चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. बॅटने चेंडू मारायचा, एकेक कोपरा गाठत फिरायचं आणि निघालो तिथे परत यायचं. त्या शेवटच्या कोपऱ्याला म्हणतात होम. घरी पोचलात की एक रन. आखातातल्या माणसाला हे दोनदा समजवावं लागत नाही.

मैदान बिरकत अल अवामेरच्या पलीकडे, वाळूच्या काठाला. आजचा सामना एका जपानी कंपनीच्या इंजिनिअरांशी होता. मैदानात पाऊल ठेवण्याआधी ती माणसं टोप्या काढून वाकायची आणि धुक्याला वाकून नमस्कार केल्यासारखी दिसायची. सगळ्यांना जुम्याच्या नमाजाआधी मैदान सोडायचं होतं, म्हणून डाव कमी ठेवले होते. बरोबरी झाली तरी हॅरीचा संघ पुढे जाणार होता. एवढं पुरे होतं.

पण तो खेळ होता की काय होतं, देव जाणे! उंच मारलेला चेंडू पांढऱ्यात शिरायचा आणि सगळे माना वर करून थांबायचे. मग कुठेतरी वाळूत धप्प आवाज व्हायचा आणि आवाजाकडे पोरं धावायची. माणसं दिसायची, विरघळायची, भलतीकडे पुन्हा उगवायची. हॅरीला वाटलं, लांब उभी असलेली ती पोरं आजची नाहीतच. ती जुनी पोरं आहेत, मनिलाला गेलेली, ह्यूस्टनला गेलेली, लग्नं होऊन पोटं सुटलेली, आणि आज सगळी परत येऊन आपापल्या जागी उभी राहिलीत. त्याला त्यांची नावंसुद्धा आठवायला लागली. त्याचा जीव भरून आला.

शेवटचा डाव आला. हॅरीचा संघ एका रनने मागे. दोघं बाद, तिसरा बाद झाला की संपलं. बॅटवर जेसन, संघातला सगळ्यात भारी फटकेबाज. आणि तिसऱ्या बेसवर, हॅरीच्या अगदी हाताशी, जैद. जैद रत्नागिरीकडचा, जन्मला मात्र दोह्यात. इतर पोरांशी इंग्रजी, आणि हॅरीशी एकटा असला की मराठी. अंगाने भारदस्त, धावण्यात आनंदीआनंद. तो घरी पोचला की बरोबरी. त्याने फक्त थांबायचं होतं. जेसन मारणार, जैद चालत चालत घरी जाणार.

शेजारी जपानी खेळाडू उभा, मराठीत कुजबुजलं तरी तो सावध होईल, म्हणून बोलायची सोय नव्हती. सगळं इशाऱ्यांवर. हॅरीचा नियम सोपा होता: टोपीला हात लागला की पुढचा इशारा खरा. टोपीनंतर छाती, म्हणजे पळ. चेंडू मारला जायची वाट बघू नकोस, टाकणाऱ्याचा हात हलला की सूट.

जेसनचे दोन फटके हुकले. एकच संधी उरली. मैदानभर पांढरं, शांत धुकं पसरलं होतं आणि त्यात ती सगळी पोरं आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. परमेश्वरा, फक्त एक वर्ष दे रे. आणि नंदाखालच्या चर्चमध्ये आईने शिकवलेला हात आपोआप वर गेला. कपाळाला, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. कपाळावर टोपी होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा बेसवर जैद नव्हता.

"अरे! अरे, थांब!" हॅरी ओरडला. कसला थांबतोय! जैद धुक्यातून म्हशीसारखा धडधडत होमकडे सुटला होता. जेसन दचकून बाजूला उडाला. जैदने स्वतःला वाळूत लोटून दिलं, पण होममागचा जपानी कॅचर चेंडू ग्लव्हमध्ये घेऊन निवांत वाट बघत बसला होता. त्याने ग्लव्ह जैदच्या खांद्याला हलकेच टेकवला.

आऊट.

जेसनने बॅट आपटली. "हू टोल्ड यू टु रन?" तो जैदवर धावून गेला. बाकीचीही जमली.

"कुणी नाही," जैद इंग्रजीत म्हणाला. "मीच पळालो."

"खोटं बोलतोय तो," हॅरी मधे पडला. "इशारा माझा होता. काय बोलायचं ते मला बोला."

पोरं मागे सरली. समीना मॅडम लांबून आल्या आणि त्याच्या दंडावर हात ठेवून निघून गेल्या. हॅरीला सगळं कळलं.

हळूहळू धुकं विरलं, आणि लांबवर दिसणाऱ्या पोरांच्या जागी रिकामी वाळू राहिली. सगळे पांगल्यावर जैद बॅटांची जड पिशवी ओढत निघाला होता. हॅरीने त्याला हाक मारली.

"जैद, तुला खरं सांगतो. तो इशारा नव्हता रे. मी क्रूसाची खूण करत होतो. माझ्याच हाताने मी घात केला."

"मला ठाऊक होतं, सर."

"काय ठाऊक होतं?"

"इशारा देताना तुम्ही माझ्याकडे बघता. आज तुमचे डोळे मिटलेले होते."

"मग पळालास कशाला गाढवा? जेसन होता ना मारायला!"

जैदने पिशवी खाली ठेवली. वाळूने त्याचं सगळं तोंड भरलं होतं.

"चार वर्षांत तुम्हाला काही मागताना बघितलं नव्हतं, सर," तो म्हणाला. "उभं राहून बघवलं नाही."

हॅरीला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग त्याने पिशवीचा दुसरा बंद धरला आणि दोघं गाडीकडे चालू लागले. जैदला जुम्याला पोचायचं होतं.